अंगठ्यापर्यंत

भद्रावती पेठेत, लूमच्या खडखडाटावर,
जिना चढून गेलं की येमूल मास्तरांची खोली.
भिंतीवर एक चिनी माणूस, उघडा,
अंगभर रेघा आणि ठिपके,
जणू चादरीची नक्षी कुणी
आलेखाच्या कागदाऐवजी त्याच्यावरच काढून बघितली.

अम्मानं जीभ दाखवली.
मास्तरांनी तीन बोटं मनगटावर ठेवली
आणि दूरचं स्टेशन लागावं तसे ऐकत राहिले.
म्हणाले, आग मोठी नाही. पाणीच आटलंय.
म्हणून दुपारी गाल तापतात,
रात्री उशी भिजते.

चिनी वैद्य म्हणतात, फुप्फुस म्हणजे छत्री,
बाकी सगळ्या अवयवांवर उघडलेली.
नाजूक. कोरड्या हवेला भिते.
कोरड्या हवेला, सोलापुरात!
अम्मा हसली, मग बराच वेळ खोकली.

फुप्फुस धातू. धातूची आई माती, माती म्हणजे पोट.
आधी आईला जेवू घाला, लेक सावरते.
जुन्या पोथ्यांत या रोगाचा किडाही आहे,
कुणी पाहिला नव्हता, तरी लिहून ठेवलेला.
त्याला मात्र सरकारी गोळी. सहा महिने.
एक दिवस चुकवलात
तर माझा जिना चढू नका.

मग पथ्य. शेंगाचटणी बंद, कडक भाकरी बंद,
पेर उकडून खा.
पेर कितीला, अम्मानं तेलुगूत विचारलं.
मी भाव सांगितला नाही.

रडलात कधी? दुःख फुप्फुसात राहतं म्हणतात.
अम्मा चिनी माणसाकडे बघत बसली.
खाली एक लूम थांबला, धागा तुटला असावा.
पुन्हा सुरू झाला.

छातीतून निघालेली रेघ
खांद्यावरून, कोपराच्या खाचेतून
अंगठ्याच्या नखाशी संपते.
मास्तरांनी सुई तिथे आणली
आणि अम्मानं हात ओढून घेतला.
तो नको.
त्यानं हजार विड्यांची तोंडं मुडपायचीत,
उद्या कारखान्यात माल द्यायचाय.

मास्तरांनी चष्मा पुसला.
अंगठा पाहिला,
तंबाखूनं पिवळा, नख अर्धं झिजलेलं,
फुप्फुसाच्या वाटेवरचा शेवटचा थांबा,
जिथून चाळीस वर्षं
काहीतरी उलटं वर चढत गेलं होतं.

सुई त्यांनी कोपरात टोचली.

उतरताना अम्मा पुटपुटत मोजत होती.
मला वाटलं, पायऱ्या.
गोळ्या, म्हणाली.
पंचवीसच्या सात जुड्या
आणि वर पाच.