मुक्कामी गाडी

एकतीस वर्षं यायनं डेपोच्या घड्याळावर खाल्लं.
सव्वाचारची पुसद गाडी असली का पावणेचारले,
मुक्कामी गाडी असली का रात्रीचे साडेअकरा,
बोनेटवर डबा, बाजूले कंडक्टर मेश्राम,
दोघात एक कांदा, बुक्कीनं फोडलेला.
घरी आले त कधी दोन घास, कधी नुसता चहा,
कधी जेवता जेवताच झोप.

मार्च महिन्यात शाल-नारळ घेऊन आले.
खाकी कपडे म्या धुतले, घडी करून पेटीत टाकले.
भूक मात्र धुतल्या गेली नाई.

दवाखान्यातल्या मॅडम म्हणल्या, साखर हाय काका,
आता वेळेवर खात जा.
सकाळी आठ, दुपारी बारा, सांजीले साडेसात,
भात कमी, गूळ बंद, फरसाण त पाहूच नका.
कागद यायनं कॅलेंडरच्या खिळ्याले अडकवला
टाइमटेबलावानी.
बाराले पाच कमी असले का पाटावर हजर.
माहे हात पिठात,
हे घड्याळाकडे पाह्यतेत, मंग माह्याकडे.
बोलत नाईत.
हॉर्न तेवढा वाजवाचा राह्यते.

"तूही बस," म्हणतेत. "सोबतच खाऊ आता."

खरं सांगू?
माह्यं जेवण दोन वाजताचं.
पोरं शाळेत, सासूबाई कलंडलेल्या, भांडे घासून झालेले,
गल्लीत कुत्रंही नाई,
तवा मी दारात पाय लांब करून बसायची.
परातीत सकाळची भाकर, वर जवसाची चटणी,
तेलाची धार, कोणी मोजाले नाई,
अन् एक मिरची अशी
का पदरानं नाक पुसा लागे.
बोटं चाटायची. आवाज करून.
एकतीस वर्षं कोणाले ठाव नव्हतं.
लेकीलेही नाई.

आता बारा वाजता यायच्यासमोर
पाव्हणीवानी मांडी घालून दोन घास गिळते,
अन् दोन वाजता पोट दार वाजवते.

पऱ्हाटीचा शेवटचा वेचा झाला, त्याच थंडीतली गोष्ट.
रात्री झाकण वाजलं. म्हटलं, मांजर.
उठली. पाह्यते त हे.
चुलीपुढं अंधारात, पाय लांब करून,
हातात शिळी भाकर, चटणीची बरणी उघडी,
बोटं चाटून राह्यले.
पावणेचार झाले होते.
कुठली गाडी नाई, मेश्राम नाई,
तरी पावणेचार.

म्या काही म्हटलं नाई.
मॅडमचा कागद खिळ्यावर हालत होता.
यायच्या तोंडावर ते सुख होतं
जे माह्या तोंडावरचं मले कधी दिसलं नसन,
दिसणार कसं?
पाय न वाजवता परत गोधडीत शिरली.

सकाळी बरणी पाह्यली. अर्धी.
म्हणली, "पावणेचारच्या अर्ध्या भाकरीचं
मॅडमले मी विचारते. लपून नका खाऊ.
अन् बाराले तुमी जेवा.
मी दोनले जेवन. येकटी."
हे कितीतरी वेळ रिकामं तोंड चावत राह्यले.
"येकटी काहून?"
"मुक्कामी गाडीत तुमी काय बायको घेऊन जेवले का?"
हासले.
मेश्रामचा फोन आल्यावर हासतेत तसे.

आता दोन वाजता मी दारात, पाय लांब.
हे ओट्यावर, माह्याकडे पाठ करून
रस्ता पाह्यतेत.
दोन दहाची आर्णी गाडी फाट्यावरून जाते,
इथून नुसता धुरळा दिसते.
मनगट पाह्यतेत, म्हणतेत,
"सात मिनिटं लेट."
मी बोट चाटते.
दुसरी भाकर घेते.