जिन्याची पाळी

डंडीत आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं, एक दगडी जिना
आणि एक पुठ्ठ्याची पाटी, तागाच्या सुतळीत ओवलेली
(हे गाव एकेकाळी तागावरच जगलं):
या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.
ज्याचं धुऊन झालं, तो ती
पुढच्याच्या दाराच्या मुठीला अडकवतो.
सही नाही, शिक्का नाही, देखरेख कुणाचीच नाही.

पहिल्यांदा माझ्या दाराला लागली तेव्हा
इंग्रजीत लिहिलेलं मी मराठीत वाचलं
आणि एकटीच हसले.
पन्नाशीत सुटले होते त्या शब्दातून.

त्या दिवसांत माझ्याकडे एक यादी असायची,
कुणामुळे काय झालं त्याची.
स्थळ आणलं गजाभाऊजींनी.
नोकरी सोडायला लावली यांनी.
हे गेले तेही न सांगता, एका सकाळी,
अर्धा टोस्ट बशीत टाकून.
मुलगा ब्रिस्टलला. रविवारी फोन, तोही जेवता जेवता.
आणि उरलेलं सगळं मागच्या जन्मावर,
म्हणजे अशा कुणा बाईवर
जिला मी कधी पाहिलं नाही
पण जिची उधारी मी फेडते आहे, असं
नागपूरहून मंदाताई सांगायची.
"भोग गं. भोगूनच संपवायचे."
मला ते बरं वाटायचं.
भोग म्हटलं की हाताला काम राहत नाही.

नोव्हेंबरात पाटी आली. मी जिना धुतला नाही.
चिखल तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या बुटांचा,
केस मॉइराच्या कुत्र्याचे.
माझं त्यात काय?
रात्री दहाला, नुसत्या मोज्यांवर, चोरासारखी
पाटी मॉइराच्या दाराला लावून आले.

कुणी काही बोललं नाही.
आकाशातून काही पडलं नाही.
गुडघा रोज दुखायचा तेवढाच दुखला.
फक्त भाजी घेऊन चढताना
मला एकेक पायरी ओळखू लागली.
अकरावीवर एक वाळकं पान होतं.
ते सोमवारी होतं, मंगळवारी होतं,
शुक्रवारी नव्हतं,
आणि मॉइराच्या दारात बादली उपडी घातलेली.
ब्याऐंशी वर्षांची बाई.
माझ्याकडे बघून म्हणाली, गारठा वाढलाय.
तेवढंच.

तेव्हा मला काही कळलं, असं म्हणणार नाही.
लाज वाटली, आणि लाज दोन दिवसांत वाळते.

जानेवारीत पाटी फिरून आली.
कोमट पाणी, दोन झाकणं फिनेल, वरून खाली.
जिना वरूनच धुवायचा असतो,
हे आईने शिकवलं, की कुणालाच शिकवावं लागत नाही?
चिखल माझा नव्हता. अजूनही नव्हता.
पण पाय माझेच जायचे त्यावरून, दिवसातून चारदा.
सातव्या पायरीवर
मागच्या जन्मातल्या त्या बाईला म्हटलं,
तुझं तू केलंस, आता जा, बादली मला लागते आहे.
यांनाही काहीतरी म्हटलं. ते इथे लिहीत नाही.

सुख वगैरे झालं नाही. कंबर धरली.
सगळ्यात खालच्या पायरीवर बसले, दार उघडं टाकून.
टे नदीवरचा वारा आत येऊन
ओल्या दगडाला चाटत होता,
आणि लक्षात आलं की दुपारपासून
मी कुणाची वाट पाहिली नव्हती.

फोन वाजला. मंदाताई. कशी आहेस?
"चाललंय, जसं नशिबात आहे तसं,"
हे ओठांपर्यंत आलं. मी ते तिथेच धरलं.
म्हटलं, जिना धुतला.
"तू? तिथे बाया मिळत नाहीत कामाला?"
मिळतात, म्हटलं, पण पाळी माझी होती.
ती जरा थांबली.
"या वयात?"

आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या,
की तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा
कठड्यावरून वाकून बघू लागला,
ओल्या पायरीवर, अनवाणी,
बूट हातात घेऊन.