वस्तू वर्णनाप्रमाणे

फोटो चार होते.
तिसऱ्यात, कुणाच्या तरी अंगठ्याशेजारी,
काळं इंजिन, लाल चाकं
आणि पुढचा डावा बफर नाही.
खाली लिहिलेलं : जर्मन बनावट, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान,
मूळ खोक्यासह. रूळ नाहीत. चालतं का ते पाहिलेलं नाही.
बफर तुटल्यामुळे किंमत बाराशेनं कमी.
ठिकाण एरंडवणे.

रात्रीचा पाऊण. भोसरीची दुसरी पाळी करून
धायरीच्या गॅलरीत मी दोन बोटांनी फोटो ताणत बसलो.
ताणून ताणून नुसते चौकोन उरले,
बफर नाहीच.

असणार कुठून? तो माझ्या पोटात गेला होता.

अठ्ठ्याऐंशी साल, दिवाळीची सुट्टी.
आई पोंक्ष्यांकडे पोळ्या लाटत होती
आणि मला हॉलच्या दारातल्या पायपुसण्यावर बसून
गाडी बघायची परवानगी होती.
हात लावायची नव्हती. तसं कुणी बोललं नव्हतं,
बोलावं लागत नसे.
काका फोन घ्यायला आत गेले. वळणावर इंजिन रुळाबाहेर कललं.
मी नुसतं सरळ करायला गेलो
आणि मोहरीएवढं काहीतरी चिमटीत आलं.
पावलं वाजली. मी ते तोंडात टाकलं.
चव सेफ्टी पिनेसारखी.

विकणाऱ्या बाई ऋजुता पोंक्षे. सून असाव्यात.
मी विचारलं, बफर कसा तुटला?
दुसऱ्या दिवशी उत्तर :
‘सासरे म्हणायचे, जर्मनीहून आणतानाच विमानात तुटला.
घ्यायचं असेल तर आज सांगा, अजून दोघं विचारतायत.’

विमानात.
मी तर दोन्ही बफर मोजले होते.
रोज मोजायचो, दुसरं करण्यासारखं काय होतं पायपुसण्यावर?

घासाघीस केली नाही तर बाईंना संशय येईल
म्हणून म्हटलं, तीनशे कमी करा. दीडशे झाले.
बाराशे तर माझ्याच हातून आधीच कमी झालेले,
इतकी जुनी सूट कुणाला मिळाली नसेल.

एरंडवणे ते धायरी, फार तर दहा किलोमीटर.
पार्सल भिवंडीला गेलं.
एक रात्र तिथं, मग चाकण, मग कुठल्यातरी गोदामात रविवार.
मी जेवता जेवता बघायचो कुठवर आलं.
आयुष्यभर एका गालिच्यावर गोल फिरलेलं इंजिन
बबल रॅपमध्ये आडवं पडून
घाट उतरून चढून आलं.

खोकं उघडलं तेव्हा आई शेंगा सोलत होती.
चष्मा कपाळावरून खाली घेतला.
‘ही त्यांच्याकडची.’
हो.
‘केवढ्याला?’
नऊशे, मी म्हणालो. खरा आकडा सांगायची सोय नव्हती.
‘नऊशे! या एवढ्याशा पत्र्याला!’
तिला तिथं महिन्याला साठ मिळायचे,
सणाला पाच वर.

मग बराच वेळ नुसत्या शेंगा फुटल्याचा आवाज.
‘माणूस विचित्रच होता हो.
एकदा पोळ्या करताना आत आले. मला म्हणाले,
मुलाचं पोट ठीक आहे ना? दोन दिवस केळी द्या त्याला.
आणि डझनभर केळी दिली स्वतःच.
तुला काही झालं नव्हतं तेव्हा.
मी आपली हो म्हणाले.’

मला केळी आठवतात. वेलची होती.
कशाबद्दल, ते कधी विचारलं नव्हतं.

लेथवर रोज मी मिलिमीटरचे शंभर भाग करतो.
पितळेचा एवढा बफर म्हणजे दहा मिनिटांचं काम,
चहाच्या सुट्टीतही होईल.
अजून केलेला नाही.

फोन विचारतोय, सकाळपासून तिसऱ्यांदा :
वस्तू वर्णनाप्रमाणे आहे का?
इंजिन टीव्हीशेजारी, तुटकी बाजू माझ्याकडे.
मी ‘हो’ दाबतो.
पुढे आणखी एक चौकट येते,
काही सांगायचं असल्यास इथे लिहा.