दीडची रेघ

सकाळी सात. रामबागेत कचऱ्याची गाडी
गाणं वाजवत वळते
तेव्हा मी पिचकारी उजेडाकडे धरते.
पिवळसर तेल. बुडबुडा नको.
काळी रेघ दीडवर. श्रावणापर्यंत अडीचवर होती.

तिळाच्या तेलात कालवलंय म्हणे,
वर स्ट्रॉबेरीचा वास, मुलांसाठी.
संक्रांतीला हेच तीळ मी गोड बोला म्हणत वाटले होते.
आता शाल्मलीच्या गालाच्या आत, दाढेच्या बाजूनं, हळू.
आधी तूप-भाताचे चार घास,
रिकाम्या पोटी ते अंगी लागत नाही.

औषध कशाचं, हे सासूबाईंना सांगितलं नव्हतं.
बाटलीवर पान छापलेलं नाही.
पण दवाबाजारातून आलेला पोरगा जिन्याखालून ओरडला,
"भाभीजी, वो गांजेवाली दवा!"
आणि घर गप्प झालं,
कुकरसुद्धा.

कारण या घरात ते पान आधीच येऊन गेलंय.
श्रीरंग भावजी. एकोणिसावं वर्ष, पॉलिटेक्निक.
महाशिवरात्रीचा घोटा, तो काय सगळेच घेतात,
इंदुरात भांगेच्या दुकानाला सरकारी पाटी असते,
मग चिलीम, मग रोजचीच, मग
पंख्यातून कुणीतरी त्यांचं नाव घेऊ लागलं.
अजून घेतं. हळू आवाजात.
गोळी चुकली की मोठ्यानं.

डॉक्टर छाजेडांनी कागदावर झाड काढलं, त्याला दोन फांद्या.
एकाच झाडातली दोन द्रव्यं, म्हणाले,
एक डोक्यात चढतं. हे चढत नाही.
"म्हणजे सख्खी भावंडं," मी म्हटलं.
ते हसले.
मला एकाच पोटची दोघं रोज जेवायला वाढायची असतात,
मी नाही हसले.

वहीत झटके लिहिते.
चैत्रात आठवड्याला बेचाळीस.
ज्येष्ठात सव्वीस. मग एक अख्खा दिवस कोरा,
तारीख घातली आणि पेन
कागदावर तसंच टेकवून बसले.
मग ती झोपायलाच लागली.
पोह्यांच्या बशीवर, वर्गात, आंघोळीच्या पाटावर.
नव्या तेलानं जुनी गोळी रक्तात साचते,
हे पत्रकात होतं, मुंगीच्या अक्षरात, सातव्या घडीला.
एसजीपीटी दोनशे दहा.
"कावीळ नाही, पण यकृत कुरकुरतंय."
गोळी अर्धी. तेल दीडवर.
एकदम बंद मात्र करू नका, उसळून येतील.

तीस आता. कधी एकतीस.

चमत्कार ऐकायला लोक येतात.
लोकमान्यनगरच्या दाणीबाई, नवऱ्याच्या गुडघ्यांसाठी.
कुणी भाच्याच्या झोपेसाठी.
मोबाइलवर कुणी विकतंय, चिठ्ठीशिवाय, हिरव्या बाटलीत,
आत किती काय, ते देव जाणे.
मी वही पुढे करते.
वही कुणालाच नको असते.

संध्याकाळचं सातचं हल्ली भावजी देतात.
मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बँकेत हिशोब जुळेना,
धावत आले, तर हे चष्मा कपाळावर ढकलून
पिचकारी बल्बकडे धरून उभे,
बुडबुड्याला नखानं टिचकी मारत.
औषधाची वेळ म्हणजे काय
हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं आमच्यात?
सासूबाई दारात होत्या. हातातली भाजी निवडत राहिल्या,
निवडून झालेली.

शाल्मलीनं गिळलं, तोंड वाकडं केलं.
भावजी तिच्या कानाशी वाकले
आणि मला ऐकू येऊ नये अशा बेतानं म्हणाले,
"तुला पण कुणी हाक मारतं का गं?"

"आई मारते," ती म्हणाली.
"मी परत आले की."

त्यांनी वही ओढली. सात वाजून चार मिनिटं.
त्यांचा चार माझ्याहून सुबक येतो,
ड्रॉइंगच्या कागदावर गिरवलेला,
पॉलिटेक्निकचा.