साठ टक्के

शहापूरच्या नाक्यावर सेसप्पा शेट्टीचं दुर्गा भवन.
बाबा टेप लावून पाटी मोजतोय.
सहा फूट लांब, अडीच उंच,
पंधरा चौरस फुटांतले नऊ कानडीला,
असा वरून कागद आलाय.
मग इंग्रजी. मग जागा राहिली तर आपण.
"राहते की," बाबा म्हणतो,
"बारीक ब्रश आहे माझ्याकडं."

ही पाटी पहिल्यांदा त्यानंच लिहिली होती,
'कॉफी'तला फ असा वळवून
की लांबून कपाचा कान दिसावा.
आता त्यावर पिवळ्याचा एक हात.
तो वाळेपर्यंत आम्ही आत बसतो.

"एरडु कापी?"
"नको, एकच. बाय टू."

आमच्या घरात कॉफी म्हणजे एकादशी,
नाहीतर मुलगी बघायला आलेले लोक,
नाहीतर दहावीची रात्र.
जायफळ उगाळून, दूध जास्त, बशीत ओतून.
इथली चिकोरीची, कडक,
हातभर उंचीवरून पेल्यात पडते आणि सांडत नाही.
आई हिला कॉफी म्हणायचीच नाही, कापी म्हणायची,
अबोला धरलेल्या जावेचं नाव घ्यावं तशी.

पुण्याच्या हॉस्टेलवर मी विचारलं,
"कॉफी पिऊलास काय गं?"
तर अख्खी खोली हसली. कानडी आली, कानडी.
बंगळूरला मुलाखतीत साहेबानं आडनाव दोनदा वाचलं.
मुचंडीकर. गाव कुठलं?
बेळगाव, म्हटलं.
बेळगावी, तो म्हणाला, आणि फॉर्मवर दुरुस्त केलं.
एक वेलांटी.
तेवढ्यात कुठंतरी मी राहते.
पासपोर्टवर मात्र एकच शब्द, भारतीय.
तिथं कुणी टेप लावत नाही,
आणि तो पासपोर्ट मी अजून कुठंच दाखवलेला नाही.

बाबाचं नाव भरमाण्णा.
नाव कानडी, शिव्या मराठी,
हिशेब दोन्हीत चुकतो.

एक नोव्हेंबरला दुर्गा भवनाचं शटर अर्धं असतं.
पुढच्या चौकात लाल-पिवळे झेंडे,
मागच्या गल्लीत काळ्या फिती.
घसे बसले की दोन्हीकडची पोरं
वाकून शटरखालून आत येतात,
एकमेकांकडं पाठ करून बसतात
आणि बसलेल्या आवाजात साखर कमी सांगतात.
दारात बंदोबस्तावरचा पोलीस, रायचूरचा,
त्याला इथलं कानडीही नीट कळत नाही.
तो पेला दोन्ही हातांत धरून उभा.

बिया कोडगूच्या. चिकोरी गुजरातची, असं सेसप्पा सांगतो.
दूध काकतीच्या गवळ्याचं,
जो गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो आणि म्हशीशी कानडी.
सेसप्पा स्वतः घरात तुळू.
बाबानं एकदा विचारलं होतं,
तुमची भाषा पाटीवर कुठं घेऊ?
"आमची बोलायला आहे," तो म्हणाला,
"लिहायचं ते तुम्ही भांडून घ्या."
आणि गल्ल्यातली चिल्लर मोजत बसला.

कापी येते. बाबा दुसऱ्या पेल्यात ओततो,
टेप न लावता.
त्याच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास,
म्हणून त्याला कापीचा वास कधी आलाच नाही.
दर वेळी विचारतो, "आज जायफळ घातलंय काय?"
दर वेळी मी नाही म्हणते.
"तरी म्हटलं," तो म्हणतो, आणि पितो.

दुपारपर्यंत नऊ चौरस फूट भरले,
गोल, टपोरी, सुंदर अक्षरं.
त्याला वाचता येतात, आणि कानडी लिहिताना
तो जीभ दातांत धरतो, मराठीत धरत नाही.
इंग्रजी झालं.
तळाशी चार बोटं पट्टी उरली.
बाबा बारीक ब्रश काढतो, शिडीची एक पायरी उतरतो.
रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही इतकं लहान
क, मग तो ऑ,
मग फ, त्याच्या पोटात तोच जुना कान.
आणि थांबतो.

"पोरी,"
पाट्या लिहून ज्यानं मला शिकवलं तो माणूस
शिडीवरून विचारतो,
"फीची वेलांटी दुसरीच ना गं?"

खालून मी हो म्हणते.
माझा पेला अजून गरम आहे.