दारूकोठार

मी वायरमन. ठिणगी हा माझा धंदा.
म्हणून कॅम्पातल्या दारूकोठाराचं काम आलं तेव्हा
आधी हसूच आलं.

खंदकापलीकडे, चिंचेखाली,
भोवती छातीएवढी दुसरी भिंत,
आणि आतल्या भिंतीत झरोके इतके वाकडे
की उजेडसुद्धा दोनदा वळून,
चौकशी होऊन आत येतो.
लोखंड कुठंच नाही.
फळ्यांना तांब्याचे खिळे, बिजागऱ्या पितळेच्या.
मी पहिलं भोक पाडलं तेव्हा
ड्रिलच्या तोंडातून काळी भुकटी आली.
पंखा बंद केला. वास घेतला.
कागदात बांधून खिशात ठेवली.

कल्लाप्पा उचगावकर, इथला शेवटचा पहारेकरी.
एकतीस वर्षं
बिडी-काडी दारात काढून घ्यायचा,
खिळ्याची वहाण असली तर तीही,
साहेब असो नाहीतर झाडूवाला.
त्याच्या वेळी आत दारू नव्हतीच.
तंबूचे खांब होते, फुटक्या बादल्या,
कुठल्याशा परेडचा एक ढोल, एका बाजूनं फाटलेला.
"नव्हती, ते तुला ठाऊक," तो म्हणतो,
"भिंतीला कुणी सांगितलंय?"

पाटीवरून तीन बैठका झाल्या.
दारूखाना म्हटलं तर खडेबाजारातनं गिऱ्हाइकं येतील, एक जण.
मद्दिन मने म्हणा सरळ, दुसरा.
वर कुठली ओळ, खाली कुठली, अक्षरं किती इंचाची.
आमच्या गावात भिंतीपेक्षा पाटी जड.
मी शिडीवर होतो, केबल दातात धरून.
खाली कल्लाप्पा चहाचे पेले गोळा करत होता.
"मद्दु म्हणजे औषध की हो," तो पेल्यांना म्हणाला,
"आमच्यातबी दवादारू म्हणतातच की."
कुणी ऐकलं नाही.
चौथी बैठक सोमवारी ठरली.

संध्याकाळी हत्यारं आवरताना
शिवलीला हुक्केरी यायची, कॉलेजातनं परस्पर,
आणि एकच सा लावून बघायची,
आंघोळीआधी पाण्यात बोट घालावं तसा.
"भिंती जाड, छप्पर हलकं," मी सांगितलं,
"उडालंच तर वर उडावं,
शेजारी झोपलेली माणसं वाचावीत, म्हणून."
ती वर बघत राहिली बराच वेळ.
मग पुन्हा सा,
या वेळी गळा जरा मोकळा सोडून.

उद्घाटन डिसेंबरात. धुकं खंदकातून वर आलेलं.
कल्लाप्पा दारात उभा,
खाकी सदरा इस्त्रीचा, हात पुढे पसरलेला.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
त्या हातावर कुणी गुलाब ठेवला,
कुणी कुंद्याचा द्रोण,
एका बाईंनी घाईत दहाची नोट.
त्यानं सगळं कठड्यावर मांडून ठेवलं,
हात पुन्हा पुढे.
शेवटी सेक्रेटरी आले, समईची काडेपेटी घेऊन.
"अहो मामा, आता काय त्याचं!"
हात हलला नाही.
त्यांनी दिली.

मग वहाणा काढून
तो स्वतःच आत गेला पेटी घेऊन,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा,
आणि पेटी शिवलीलाच्या हातात दिली.
काडी घासली तेव्हा त्यानं डोळे मिटलेले मी पाहिले.
म्हणजे, आधी पाहिले.
नंतर मीही मिटले.

काही झालं नाही.
वात धरली.
मग ती गायली, कानडीत, मला निम्मं कळलं,
आणि छप्पर कुठं आहे ते मी विसरून गेलो.

पुडी अजून माझ्याकडे आहे,
फ्यूजच्या तारांच्या डब्यात.
दारू असेल, काजळी असेल,
वटवाघळांची घाण असेल.
काडी लावली की कळेल.
कल्लाप्पाला विचारलं, लावू काय?
त्यानं हात पुढे केला.