पिवळे ठिपके

शाल्मलीचा विनिपेगहून निरोप:
मार्च सरला तरी अंगणात गुडघाभर बर्फ,
पेटीला कान लावला, आत गुणगुण आहे.
मावशी, जगल्यात.

मी तेव्हा कलिंगड चिरत होते.
नेरूळला मार्चात माश्या जगल्या
याचं कुणाला काय!

आमचा हिवाळा आषाढात येतो.
गच्चीवर टाकीमागे सातेरीची पेटी,
पायांखाली मुंग्यांसाठी तेलाच्या वाट्या,
वर कुणा नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स,
आणि दार जवळजवळ बंद.
दर रविवारी वाटीभर पाक;
मधुमेह्याच्या घरातली सगळी साखर तिकडेच.
मी रोज कान लावायचे.
पावसाच्या आवाजात काही कळायचं नाही.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं.
दाराशी एक आली, थांबली,
मागे सरली.
दुसरी तिला ओलांडूनच बाहेर पडली.
मग मेलेल्यांना पायांत धरून
कठड्यापलीकडे सोडणं सुरू झालं,
ना मंत्र, ना पिंड.
आणि मग हवेत गिरक्या:
इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं
सगळं एकदाचं मोकळं.

संध्याकाळी खालच्या कुरियनबाई
चादर घेऊन वर आल्या.
पांढरीशुभ्र, आणि तिच्यावर
मोहरीएवढे पिवळे ठिपके.
"ये क्या है, सामंतबाई?"

मी चष्मा लावला, मोजू लागले.
एप्रिलात शाल्मलीने फोटो पाठवला होता,
त्यात बर्फावर
हेच होतं.

धुऊन देते, म्हटलं.
अजून धुतलेली नाही.